फोर्कलिफ्ट उलळते कशी : या चुका टाळा

उसाची बैलगाडी ज्यानं भरली आहे, त्याला फोर्कलिफ्ट समजायला वेळ लागत नाही. मागच्या अंगाला जास्त भरली की गाडी उलळते, पुढं जास्त झालं की धुरजड होऊन बैलांच्या मानेवर येते. आसाच्या दोन्हीकडचं वजन तोललेलं असलं तरच ती चालते. फोर्कलिफ्टचंही तेच. पुढची दोन चाकं हा तिचा आस. आसाच्या पुढं फोर्कवरचा, म्हणजे उचलणाऱ्या दोन लोखंडी दांड्यांवरचा माल. मागं इंजिन किंवा बॅटरी आणि सगळ्यात शेवटी काउंटरवेट, म्हणजे ओतीव बिडाचा मोठा ठोकळा. तीन टनाच्या गाडीचं स्वतःचं वजन साधारण साडेचार टन असतं, ते या तोलासाठीच.

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या शेडमधून आणि निपाणी-चिकोडीकडच्या साखरेच्या गोदामांतून माणसं दरवर्षी नवी येतात, चुका मात्र त्याच असतात. दर ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते. ती घ्यावीच. पण फोर्कवरच्या मालाचा मध्य कुठं येतो हे नव्या पोराला मोजून दाखवणारा माणूस शपथेपेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी नसतो.

"तीन टनाची गाडी आहे, तीन टन उचलते"

सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर ३,००० किलो हा आकडा एकटा नसतो. त्याच्या शेजारी ५०० मिमी लिहिलेलं असतं आणि बाजूला मास्टची, म्हणजे फोर्क वर नेणाऱ्या उभ्या खांबांची उंची असते. अर्थ असा की फोर्कच्या उभ्या तोंडापासून मालाचा मध्य ५०० मिमीवर असेल, तरच ३,००० किलो.

एकदा कागदावर मांडून बघा. पुढच्या आसापासून फोर्कच्या उभ्या तोंडापर्यंत साधारण ४९० मिमी धरा. त्यात ५०० मिळवले की ९९०. ९९० गुणिले ३,००० म्हणजे २९,७०,०००. ही त्या गाडीची पुंजी. यापेक्षा जास्त खर्च करता येत नाही. आता माल १,६०० मिमी खोल असेल, तर त्याचा मध्य ८०० वर जातो. ४९० अधिक ८०० म्हणजे १,२९०. पुंजीला १,२९० ने भागा, उत्तर येतं साधारण २,३०० किलो. गाडी तीच, ऑपरेटर तोच, पण सातशे किलो गेले. घाईत मालाची पेटी (बिन) फोर्कच्या टाचेला, म्हणजे उभ्या-आडव्याच्या कोपऱ्याला न टेकवता २०० मिमी पुढंच राहिली, तरी पाचशे किलो जातात. हा हिशेब फक्त समज यावी म्हणून. काम प्लेटवरच्या तक्त्यानंच करायचं, कारण मास्ट उंच गेल्यावर आकडा आणखी उतरतो, आणि साइड शिफ्टर किंवा ड्रम क्लॅम्पसारखं जोडसाधन बसवलेलं असेल तर त्याचं वजन आणि जाडी दोन्ही वजा होतात.

हा तक्ता आपल्याकडं बऱ्याच गाड्यांवर वाचताच येत नाही. खंडेनवमीला गाडी धुतात, तेलाचे डाग काढतात, पिवळा रंग मारतात, झेंडूचा हार घालतात. त्या रंगाखाली प्लेट जाते ती जातेच. पूजा करणाऱ्यांचा भाव खरा असतो, पण रंगवणाऱ्याला आधी प्लेटवर चिकटपट्टी लावायला सांगा. प्लेट आधीच गेली असेल तर मॉडेल आणि सीरियल नंबर देऊन कंपनीकडून नवी मागवा. अंदाजानं पेंटरकडून आकडा लिहून घेऊ नका.

दुसरी बाजू मालाची. फाउंड्रीत वजन डोळ्यांना फसवतं. बीड घनमीटरला सुमारे ७,२०० किलो भरतं. १,२०० × १,००० × ६०० मिमीची बिन काठोकाठ कास्टिंगनं भरली आणि अर्धी जागा पोकळ धरली, तरी २,६०० किलोच्या आसपास माल होतो. बिनचं वजन वेगळं. तीच बिन बोरिंगच्या भुशानं भरलेली असेल तर खूप हलकी. म्हणून "कालच तर उचलली होती" याला अर्थ नाही. बिनच्या दोन बाजूंना आतून रेघ मारून ठेवा आणि नियम करा: कास्टिंग रेघेच्या वर नाही. आमच्या मते फाउंड्रीतला सगळ्यात स्वस्त सुरक्षा उपाय म्हणजे ही रंगाची रेघ.

मागं माणसं बसवणं

यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण हे करणारी माणसं मूर्ख नसतात. त्यांना तोल कळलेला असतो, फक्त अर्धा कळलेला असतो.

प्रसंग बहुतेक वेळा एकाच वाटेनं जातो. संध्याकाळ झालेली, ट्रक डिस्पॅचच्या दारात उभा, ड्रायव्हरला रात्रीच्या आत घाट गाठायचा. शेवटचा नग म्हणजे मशीनचा बिडाचा बेड (खालची बैठक), २,८०० किलो. आडवा उचलायला दोन रांगांमध्ये जागा नाही, म्हणून लांबीच्या दिशेनं फोर्क घातलेले. खोली १,६०० मिमी. वर मांडलेल्या हिशेबानं मर्यादा २,३०० ची. ऑपरेटर लिव्हर ओढतो, बेड बोटभर उचलतो आणि मागची चाकं जमिनीवरून सुटतात. तो खाली ठेवतो. इतकं सगळं ठीक; गाडीनं नाही म्हणून सांगितलं, त्यानं ऐकलं.

मग कुणीतरी म्हणतं, "मामा, आम्ही तिघं मागं बसतो की ओ. उचलतंय बघा."

आणि उचलतं. इथंच घात आहे. साठ-साठ किलोची तीन माणसं पुढच्या आसापासून दोन मीटर मागं बसली, की पुढं पावणेतीनशे किलो जास्त तोलले जातात. कंपनीनं थोडा राखीव तोल ठेवलेला असतो, तो धरून बेड उठतो. मागची चाकं टेकल्यासारखी दिसतात. पण टेकलेली असणं आणि पकड असणं यात फरक आहे. स्टिअरिंग मागच्या चाकांना असतं. प्लेटच्या मर्यादेत माल घेतला तरी मागच्या चाकांवर टनभरसुद्धा वजन उरत नाही. इथं तर ते शून्याच्या जवळ असतं.

गाडी निघते. वाटेत गटाराची जाळी, दोन सेंटिमीटरचा उंचवटा. पुढची चाकं त्यावर चढून खाली उतरतात, बेड हिसका देतो, मागची बाजू वीतभर उठते. स्टिअरिंग हवेत. ऑपरेटरचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. ब्रेक पुढच्या चाकांना. गाडी थांबते, बेड थांबत नाही. सगळं वजन फोर्कच्या टोकांवर येतं, बेड घसरून जमिनीवर आदळतो आणि पुढचं ओझं एका क्षणात नाहीसं होतं. मग हवेत असलेलं काउंटरवेट माणसांसकट खाली येतं. ज्यानं पकडून ठेवलं त्याच्या कमरेला धक्का बसतो. जो मधेच उडी मारून उतरला, त्याचा पाय नेमका त्या बिडाखाली असतो. तो पाय पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

माणूस हे बोल्टनं आवळलेलं वजन नाही. भीती वाटली की ते उतरतं, आणि ते उतरतं तेव्हाच त्याची सगळ्यात जास्त गरज असते. शिवाय जादा माल पेलतो कोण? फोर्क, चेन, मास्टचे रोलर. त्यांच्यासाठी मागं कुणी बसलेलं नसतं. मागं जुनं कास्टिंग दोरीनं बांधणं, हेही त्याच माळेतलं. दोन फोर्कलिफ्ट लावून एक नग उचलणं तर त्याहून वाईट, कारण एक गाडी दोन सेंटिमीटर आधी उठली की सगळा भार दुसरीवर जातो.

उपाय कंटाळवाणे आहेत आणि तेच बरोबर आहेत. रांग मोकळी करा आणि नग आडवा घ्या, म्हणजे खोली कमी होते. वीस मिनिटं जातात. ओव्हरहेड क्रेनच्या टप्प्यात असेल तर क्रेननं घ्या. नाहीतर पाच टनाची गाडी भाड्यानं बोलवा आणि ट्रकला सकाळी या म्हणून सांगा. नेहमीच्या मालालाही आमची सवय अशी: १०० मिमी उचलायचं, थांबायचं, पाच आकडे मोजायचे, मास्ट मागं झुकवायचा, स्टिअरिंग डावी-उजवीकडं थोडं फिरवून बघायचं. चाक जमिनीला घासल्याचं जाणवलं नाही तर खाली. ही तपासणी म्हणजे जादा माल उचलायची परवानगी मात्र नाही. नव्या ऑपरेटरला हे पाच आकडे जड जातात. ज्याला पाच आकडे मोजण्याइतका धीर नाही, त्याला चावी देण्याची घाई सुपरवायझरनंही करू नये.

धावत्या चुका

फोर्क कमरेएवढे वर ठेवून चालवणं: १५० ते २०० मिमी पुरे, मास्ट मागं झुकवलेला.

फोर्क मालाला अर्धेच घालणं: फोर्कची लांबी मालाच्या खोलीच्या निदान दोन तृतीयांश हवी. कमी असेल तर त्या मालाला ते फोर्क चालत नाहीत, इतकंच.

मालाआडून डोकं वाकवून बघत पुढं जाणं: दिसत नसेल तर रिव्हर्समध्ये जा, मान वळवून, फक्त आरशावर विसंबून नाही.

वेग: ताशी १० किलोमीटरला गाडी सेकंदाला पावणेतीन मीटर जाते. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच एवढं अंतर संपतं, थांबायचं अंतर त्यापुढं. शेडच्या दारात हॉर्न वाजवून थांबा. नुसता हॉर्न वाजवून आत घुसणं म्हणजे समोरच्यावर जबाबदारी ढकलणं.

चावी लावून चहाला जाणं: फोर्क जमिनीला टेकवा, मास्ट किंचित पुढं झुकवून टोकं टेकवा, न्यूट्रल, हँडब्रेक, चावी खिशात. चावी गाडीत राहिली की तिसरा कुणीतरी "जरा बाजूला घेतो" म्हणून बसतोच.

शेपूट विसरणं: मागची चाकं वळतात म्हणून मागची बाजू बाहेर फेकली जाते. मागच्या कोपऱ्याशेजारी उभा असलेला हेल्पर भिंत आणि काउंटरवेट यांच्यामध्ये सापडतो.

आणि इशारे. आपल्या भागात एका गाडीभोवती तीन भाषा असतात. ऑपरेटर खानापूरचा मराठी, लोडिंगचा माणूस गोकाकचा कानडी, ट्रकवाला हिंदी बोलणारा. एकजण "बस" म्हणतो, दुसरा "साकु" म्हणतो, तिसऱ्याचं इंजिनच्या आवाजात ऐकूच येत नाही. तोंडी सूचनांवर काम करू नका. इशारा देणारा एकच माणूस ठरवा आणि तो हातानंच देईल: वर, खाली, पुढं, मागं, थांब. थांबचा इशारा मात्र कुणीही दिला तरी ऑपरेटरनं थांबायचं. इशारा देणारा नजरेआड झाला, तरीही थांबायचं.

उतार, चिखल आणि रेती

लादलेल्या गाडीचा माल नेहमी चढाच्या बाजूला राहिला पाहिजे. चढताना तोंड पुढं, उतरताना रिव्हर्स. रिकाम्या गाडीचं उलट: फोर्क उताराच्या बाजूला. कारण तेच, आस आणि तोल. उतारावर माल खालच्या बाजूला ठेवला की मध्य पुढं सरकतो आणि फोर्कवरून घसरायला वाटही मिळते.

उतारावर वळू नका, हे सगळे सांगतात; का, ते कमी जण सांगतात. मागचा आस मधोमध एका पिनवर झुलता असतो, म्हणजे चार चाकं दिसली तरी गाडी तीन पायांवर उभी आहे: पुढची दोन चाकं आणि ती पिन. या तीन बिंदूंचा त्रिकोण मागं अरुंद होत जातो. वजनाचा मध्य त्या त्रिकोणाच्या बाहेर पडला की गाडी आडवी. रिकामी गाडी फोर्क वर ठेवून वेगात वळवली, तरी हेच होतं. रिकामी आहे म्हणून ती सुरक्षित नाही. उलट तिचा मध्य मागं, त्रिकोणाच्या निमुळत्या भागाकडं असतो.

मृग लागल्यापासून गणपतीपर्यंत उघड्या आवारातली लाल माती टायरला चिकटून शेडमध्ये येते आणि कोब्यावर तिचा साबणासारखा थर होतो. फाउंड्रीत वर्षभर मोल्डिंगची रेती सांडलेली असते. तिचे दाणे टायरखाली छर्‍यांसारखे फिरतात. उतार आणि दार या दोन जागा प्रत्येक शिफ्टला झाडून घ्या. पाऊस असेल तर दाराशी पोती टाकू नका, ती चाकात गुंडाळतात. रबरी खाचांची चटई पक्की बसवा किंवा उतारावर आडव्या खाचा पाडून घ्या.

ट्रकच्या हौद्यात गाडी घालताना ट्रकच्या दोन्ही चाकांना लाकडी ठोकळे, आणि ट्रकची चावी ऑपरेटरजवळ. साडेचार टनाची गाडी अधिक दीड टन माल म्हणजे सहा टन, आणि त्यातलं बरंचसं पुढच्या दोन टायरांखालच्या दोन वितींवर. जुन्या ट्रकच्या फळ्या त्यासाठी नसतात. फळी कुजकी दिसली तर आत जाऊ नका, हँड पॅलेटनं, म्हणजे हातानं ओढायच्या ट्रॉलीनं ओढा.

मृगाच्या आधी पत्र्यावर माणूस

मे संपत आला की प्रत्येक शेडला पत्रा आठवतो. पन्हाळ पाल्यानं भरलेली, दोन-चार सिमेंटचे पत्रे तडकलेले, खाली मशीनवर पाणी पडणार. शिडी आखूड पडते. आणि समोर सहा मीटर उंचीचा मास्ट असलेली गाडी उभी असते. पॅलेट (मालाखालची लाकडी चौकट) फोर्कवर, पॅलेटवर माणूस, "पाच मिनिटाचं काम आहे."

हे कितीही वेळा सुखरूप झालेलं असलं तरी करू नका. पॅलेट फोर्कला बांधलेलं नसतं. फक्त ठेवलेलं असतं. माणूस वर हात करून पन्हाळीतला पाला ओढतो, त्याचं वजन एका कडेला जातं, पॅलेट तिरकं होतं. दुसरी वाट म्हणजे मास्टची. ऑपरेटरला लिफ्ट आणि टिल्ट या दोन लिव्हरांतली चूक जमिनीवर फारशी भोवत नाही. पाच मीटरवर तीच चूक पॅलेटला फूटभर पुढं ढकलते. तिसरी वाट चेनची: आधार म्हणून माणूस मास्ट धरतो, बोटं चेन आणि रोलरच्या मध्ये असतात, खालून लिव्हर हलतो. चौथी सगळ्यात घातकी. माणूस पॅलेटवरून थेट पत्र्यावर पाय ठेवतो. जुना सिमेंटचा पत्रा बोल्टच्या रांगेवर थोडा तग धरतो, मधे धरत नाही. तो वाकत नाही, इशारा देत नाही, फुटतो.

पोराच्या कमरेला पट्टा आहे, तो मास्टला अडकवलाय, असं सांगितलं जातं. गाडीच आडवी झाली तर तो पट्टा माणसाला तिच्याखाली ओढून नेतो.

मग काम करायचं कसं? पावसाळ्याची कामं एप्रिलमध्ये काढा आणि एकत्र करा: पन्हाळ, पत्रे, ट्यूबलाइट, एक्झॉस्ट फॅन. त्या सगळ्यांसाठी दोन दिवस माणसाला वर नेणारी सिझर लिफ्ट किंवा बूम लिफ्ट भाड्यानं घ्या. तेही जमत नसेल तर चांगला पहाड (परांची) बांधा, फळ्या आवळून, कठडा लावून. पत्र्यावर चढणारा माणूस पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडावर) टेकलेल्या फळ्यांवरूनच चालेल आणि त्याचा पट्टा इमारतीच्या पक्क्या लोखंडाला असेल. काही गाड्यांना कंपनीनं माणसासाठीचा कठड्याचा प्लॅटफॉर्म मान्य केलेला असतो. तो फोर्कला खिळीनं अडकतो आणि मास्टच्या बाजूला जाळी असते. वेल्डरकडून बनवून घेतलेला पिंजरा म्हणजे तो नव्हे.

सिझर लिफ्ट आली तरी धोका गेला असं समजू नका. तिची चाकं कुठून जाणार ती वाट आधी चालून बघा. चेंबरचं झाकण आणि ताजा भराव या दोन जागी ती कलते. कठड्यावर पाय ठेवून अजून फूटभर उंची काढायची नाही. बाहेर वापरायच्या लिफ्टवर वाऱ्याची मर्यादा लिहिलेली असते, बहुधा सेकंदाला १२.५ मीटर, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर. आतल्या कामाच्या लिफ्टवर शून्य लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ शून्यच. वळवाच्या आधीचा वारा सुटला की खाली या. बूम लिफ्टमध्ये मात्र पट्टा हवाच, आणि तो बास्केटमधल्या कडीला, बाहेरच्या खांबाला नाही.

मालाच्या लिफ्टचा बांधून ठेवलेला स्विच

दोन-तीन मजली कारखान्यात दाराच्या लिमिट स्विचला, म्हणजे दार उघडं असताना लिफ्ट थांबवणाऱ्या स्विचला, तार गुंडाळलेली दिसते. कारण ठरलेलं: दार नीट बसत नव्हतं, लिफ्ट मधेच थांबत होती, माल अडला होता. इलेक्ट्रिशियननं तात्पुरतं म्हणून बांधलं आणि ते तसंच राहिलं. आता दार उघडं असताना लिफ्ट हलते, आणि लिफ्ट वर असताना खालचं दार उघडतं. ट्रॉली मागं ओढत, पाठ दाराकडं करून आत जाणारा माणूस रिकाम्या खड्ड्यात जातो.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली) कलम २८ नं हीच दोन कुलपं घालून दिली: लिफ्ट मजल्यावर आल्याशिवाय दार उघडू नये, दार बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलू नये. दर सहा महिन्यांनी सक्षम व्यक्तीकडून तपासणी आणि लिफ्टवर सुरक्षित भार ठळक लिहिणं हेही त्याच कलमात होतं. क्रेन, चेन आणि दोरांच्या तपासणीसाठी कलम २९ होतं, वर्षातून एकदा. तारीख जवळ आली की सर्टिफिकेट शोधलं जातं. स्विच कुणी शोधत नाही. दर सोमवारी स्वतः जाऊन प्रत्येक मजल्याचं दार ओढून बघा. लिफ्ट नसताना उघडलं, तर मेन स्विच पाडा, कुलूप लावा आणि बिजागरी दुरुस्त होईपर्यंत माल जिन्यानं जाऊ द्या. ओरड होईल. होऊ द्या.

वायर रोपच्या (तारेच्या दोराच्या) क्लिपा उलट्या बसवणं हीसुद्धा घरोघरची चूक. क्लिपचा खाचांचा जाड भाग भार घेणाऱ्या लांब दोरावर, आणि यू-बोल्ट दुमडलेल्या छोट्या टोकावर. उलटं केलं तर यू-बोल्ट नेमका भाराचा दोर चेचतो. १२ मिमीच्या दोराला निदान तीन क्लिपा, मधे सुमारे ७२ मिमी अंतर, आणि पहिला भार घेतल्यावर नट पुन्हा आवळायचे. दोर तपासताना चिंधी फिरवा. जिथं चिंधी अडकते तिथं तार तुटलेली आहे. उघडा हात फिरवू नका.

टेबल लिफ्ट वर करून खाली साफसफाईला शिरताना सेफ्टीची दांडी लावा. एक होज (तेलाची नळी) फुटला की टेबल खाली येतं. दांडी हरवली असेल, तर साफसफाईही नाही.

सकाळची दहा मिनिटं

फोर्कची टाच: नव्या फोर्कची जाडी ४५ मिमी असेल तर ४०.५ ला तो बाद. दहा टक्के झिजला की ताकद वीस टक्के जाते. व्हर्नियर प्रत्येक मशीन शॉपमध्ये असतो. महिन्यातून एकदा लावा. दोन टोकांच्या उंचीत फोर्कच्या लांबीच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. १,०७० मिमीच्या फोर्कला ३२ मिमी. वाकलेला फोर्क गॅसनं तापवून सरळ करणारे कारागीर आपल्याकडं पुष्कळ आहेत आणि त्यांचा हातही चांगला आहे, पण तापवल्यावर त्या पोलादाचं पाणी उतरतं. नवा घ्या, आणि जोडीनं घ्या.

चेन: भार असताना ३०० मिमी भरणारा तुकडा ३०९ ला गेला की चेन बदला. दोन्ही चेन अंगठ्यानं दाबून ताण सारखा आहे का बघा, फोर्क जमिनीवरून थोडे उचलून आणि गाडी बंद करून. मास्टमध्ये हात घालण्याआधी चावी खिशात.

हायड्रॉलिक: पूर्ण मालासह मास्ट दहा मिनिटांत १०० मिमीपेक्षा जास्त खाली आला तर सिलिंडर किंवा व्हॉल्व्ह आतून गळतोय. होजची बारीक गळती बोटानं शोधू नका. त्या दाबाचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. वरून टाचणीएवढा ठिपका दिसतो, पण आतला हात सडतो. पुठ्ठा फिरवा. तेल शिरल्याची शंका जरी आली, तरी मलम लावून बसू नका, लगेच सर्जनकडं न्या.

बॅटरीची गाडी: ४८ व्होल्टला २४ सेल. पाणी चार्जिंग झाल्यावर घाला, डिस्टिल्डच. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड उतू येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील इतकंच. पूर्ण चार्जला ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर १.२८ च्या आसपास. चार्ज वीस टक्क्यांखाली उतरवू नका. चार्जिंगच्या जागी हायड्रोजन साठतो, म्हणून दार-खिडकी उघडी आणि बिडी बाहेर. बॅटरी हे मागचं वजनही आहे. हलकी बॅटरी बसवली की तोल बदलतो.

गाडी आडवी होत असताना

सरळ आणि सपाट काम करणारासुद्धा एखाद दिवस खड्ड्यात जातो, म्हणून हे शिकवावंच लागतं. अंगात असतं ते उलटं असतं. गाडी कलली की माणूस उडी मारतो, आणि कलत्या बाजूलाच मारतो. डोक्यावरच्या छताचा खांब त्याच्या पाठोपाठ येऊन त्याला जमिनीवर दाबतो. ज्या छतानं त्याला वाचवायचं, तेच त्याला मारतं.

बेल्ट असेल तर तो आतच राहतो. मग करायचं ते चारच: स्टिअरिंग घट्ट धरा, पाय फाकवून फ्लोअरला रोवा, पाठ सीटला दाबा, आणि गाडी ज्या बाजूला पडते आहे त्याच्या विरुद्ध बाजूला झुका. हात-पाय बाहेर काढायचे नाहीत.

हे सांगून अंगात उतरत नाही. नव्या पोराला बंद गाडीवर बसवा, बेल्ट लावायला लावा आणि बाजूला उभं राहून मोठ्यानं "डावीकडं!" म्हणा. पहिल्या दोन-तीन वेळा तो बेल्टच्या बटणाकडं हात नेईल. पुन्हा म्हणा. हात न चुकता स्टिअरिंगवर जायला लागला आणि अंग उजवीकडं झुकायला लागलं, की मग बाजू बदला. दहा-बारा वेळा करून घ्या. चावी त्यानंतर.